गोळी नको, तेल बदला!

मेसचं वर्षाचं खातं बंद झालं आणि चक्क पैसे शिल्लक राहिले! आमच्या हॉस्टेलात ही घटना हॅलेच्या धूमकेतूइतकीच दुर्मिळ. त्यामुळे नोटीस बोर्डावर लगेच दोन प्रस्ताव झळकले. पहिला जिमवाल्यांचा. स्पोर्ट्स आणि परीक्षेच्या दोन महिन्यांत प्रत्येकाला रोज व्हिटॅमिन सीची १००० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी आणि व्हिटॅमिन ईची ४०० युनिटची कॅप्सूल द्यावी. दुसरा प्रस्ताव मी आणि अजून दोघातिघांनी सही करून लावला. त्या पैशांतून तळणीचं तेल वेळेवर बदलावं, ते मोजायची सोय करावी आणि उरलेल्यात शेंगदाणे, पेरू, आवळे आणावेत. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत फैसला झालाही असेल. पण हा वाद दरवर्षी नव्या बॅचबरोबर पुन्हा उगवतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

जिमवाल्यांचं म्हणणं एका वाक्यात असं: "व्यायामाने फ्री रॅडिकल तयार होतात, मेसचं तेलकट खाऊन ते आणखी वाढतात, म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या." गंमत म्हणजे या वाक्याचा पहिला भाग खरा आहे, दुसराही बराचसा खरा आहे. घोळ आहे तो "म्हणून"मध्ये.

आधी तेलाचं बघू. आपली आजी जवसाच्या चटणीचा डबा उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "खवट झालीय, टाकून दे." हा खवटपणा म्हणजेच स्निग्ध पदार्थाचं ऑक्सिडेशन. स्निग्धाम्लांच्या लांब साखळीत जिथे दुहेरी बंध असतात त्यांच्या शेजारचा हायड्रोजन सैल असतो. एखादा फ्री रॅडिकल (म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना फिरणारा रेणू) येतो आणि तो हायड्रोजन पळवतो. आता ते स्निग्धाम्लच फ्री रॅडिकल होतं, ऑक्सिजन पकडतं आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन पळवतं. म्हणजे हॉस्टेलमधल्या सर्दीसारखं, एकाकडून दुसऱ्याकडे! केमिस्ट्रीच्या भाषेत ही चेन रिअ‍ॅक्शन.

दुहेरी बंध जितके जास्त, तितका धोका जास्त. एक दुहेरी बंध असलेल्या ओलेइक आम्लापेक्षा दोन बंधांचं लिनोलेइक आम्ल कमीत कमी दहापट वेगाने ऑक्सिडाइज होतं, आणि तीन बंधांचं लिनोलेनिक त्याच्याही दुप्पट वेगाने. करडईच्या साध्या तेलात साधारण पाऊण हिस्सा लिनोलेइक असतं, सूर्यफुलातही तेच जास्त. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक जास्त. पाम तेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त, खोबरेलात तर ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणून खोबरेल टिकतं आणि जवसाची पूड महिन्याभरात वास मारायला लागते.

इथे कुणी म्हणेल, मग खोबरेल आणि तूपच खाऊ ना भरपूर! थांबा. संपृक्त स्निग्धांनी रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्यांच्या जागी असंपृक्त तेलं आली की हृदयविकाराचा धोका कमी होतो, हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून पक्कं झालंय. जवसातलं ओमेगा-३ तर शरीराला हवंच, ते आपल्याला स्वतः बनवता येत नाही. म्हणजे असंपृक्त तेल वाईट नाही. ते नाजूक आहे. दूध नासतं म्हणून आपण दूध वाईट म्हणत नाही, नासू देत नाही. तेलाचंही तसंच.

आणि निसर्गाने त्याची सोय करून ठेवलीय. ज्या बियांत नाजूक तेल, त्याच बियांत बहुधा व्हिटॅमिन ई. हे १९२२ साली हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी शोधलं. व्हिटॅमिन ई साखळीच्या मध्ये उभं राहून स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं आणि स्वतः रॅडिकल झालं तरी शांत राहतं. साखळी तुटते. मग व्हिटॅमिन सी येऊन ई ला पुन्हा कामावर रुजू करतं. मेकॅनिकलवाल्यांनी जहाजाच्या पोलादी सांगाड्याला लावलेले जस्ताचे ठोकळे आठवावेत. जस्त झिजतं, पोलाद वाचतं. तिळाच्या तेलात तर सेसमॉलसारखे जास्तीचे पहारेकरी असतात. तूप कढवताना आई त्यात विड्याचं पान टाकते, त्या पानातही फिनॉल वर्गातली अँटिऑक्सिडंट असतात. आजी-आईने केमिस्ट्रीचा पेपर दिला नव्हता, पण प्रॅक्टिकलला त्या पैकीच्या पैकी!

इलेक्ट्रिकलच्या मित्रांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ट्रान्सफॉर्मर ऑइल खराब होऊ नये म्हणून त्यात डीबीपीसी नावाचं रसायन घालतात. तेच रसायन बीएचटी या नावाने खाण्याच्या पदार्थांतही अँटिऑक्सिडंट म्हणून वापरलं जातं. दोन नावं, रेणू एकच! कारण तेल सबस्टेशनमधलं असो नाहीतर फरसाणातलं, ते खराब होण्याची रीत बरीचशी सारखी आहे. फरक एवढाच की ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची आपण ठरावीक काळाने अ‍ॅसिडिटी तपासतो, बीडीव्ही काढतो, रजिस्टरला नोंद करतो. आणि मेसच्या कढईतलं तेल? ते काळं पडलं, फेसाळलं, पळीवरून मधासारखं ओघळायला लागलं तरी "अजून चालेल की!" ट्रान्सफॉर्मरची जेवढी काळजी घेतो तेवढी पोरांची घ्यायला नको का?

कढईत होतं काय? तापमान १८० अंशांच्या आसपास, वरून हवा, आत वड्यातलं पाणी. तेलातलं व्हिटॅमिन ई आधी खर्ची पडतं. मग साखळी सुटते. पेरॉक्साइड तयार होतात, ते फुटून अ‍ॅक्रोलिन, हायड्रॉक्सीनोनेनाल वगैरे अल्डिहाइड बनतात, काही रेणू एकमेकांना चिकटून तेल घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी त्याच तेलात नवीन भर घालतात, तेव्हा नव्या तेलातलं व्हिटॅमिन ई जुन्याची आग विझवण्यातच संपतं. असं तेल उंदरांना खाऊ घातलेल्या प्रयोगांत त्यांच्या शरीरातलं व्हिटॅमिन ई कमी झालेलं दिसलंय. म्हणजे जे तेल रक्षकासकट यायला हवं होतं, ते रक्षक तर आणत नाहीच, वर आपलेही पळवतं. पाहुणा जेवून गेला आणि जाताना ताट घेऊन गेला, अशातला प्रकार!

यात एक गोष्ट आपण विसरतो. आपण ती भजी पाच मिनिटांत खातो. आपल्या मेसच्या मावशी त्या धुरात रोज दोन-दोन तास उभ्या असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था म्हणजे आयएआरसीने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात कडक आचेवरच्या तळणीच्या धुराला "बहुधा कर्करोगकारक" या गटात घातलंय. व्हिटॅमिनच्या गोळ्या आपण घेऊ हो, पण मावशींना कोण देणार, आणि दिल्या तरी त्यांच्या छातीतला धूर कमी होणार का? तेल वेळेवर बदललं आणि चुलीवर एक्झॉस्ट फॅन बसवला, तर त्यांचाही फायदा होतो. माझ्या प्रस्तावाचं हे सगळ्यात महत्त्वाचं कारण आहे, म्हणून ते शेवटी न ठेवता इथेच सांगून टाकलं.

आता शरीरात काय घडतं ते बघू. आपण जे स्निग्ध खातो ते फक्त पोटावर साठत नाही. पेशींच्या मेम्ब्रेनसुद्धा त्यातूनच घडतात. खाण्यातली तेलं बदलली की काही आठवड्यांत, महिन्यांत मेम्ब्रेनचं मिश्रणही थोडंफार बदलतं. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणजे जवळजवळ एक सेमिस्टर. एफईच्या पहिल्या सेमला घरच्या जेवणावर बनलेल्या लाल पेशी घेऊन आलेला मुलगा दुसऱ्या सेमला जवळजवळ पूर्णपणे मेसच्या जेवणावर चालत असतो!

या मेम्ब्रेनमध्ये व्हिटॅमिन ईचं प्रमाण अगदी थोडं, हजारेक स्निग्ध रेणूंमागे एखादं. मग एवढ्यावर भागतं कसं? कारण खरी फौज वेगळी आहे. १९६९ साली जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम दाखवून दिलं. ते सुपरऑक्साइड नावाच्या रॅडिकलचं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. मग कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम त्या पेरॉक्साइडचं पाणी करतात. तांबं, जस्त, मँगेनीज, लोह, सेलेनियम ही त्यांची हत्यारं. ही फौज बाजारात मिळत नाही. शरीर स्वतः उभी करतं, आणि गरज पडेल तशीच उभी करतं. शेवटचं वाक्य नीट वाचा, पुढचा सगळा वाद त्यावरच आहे.

व्यायामाने फ्री रॅडिकल वाढतात का? वाढतात. १९८२ साली बर्कलीच्या केल्व्हिन डेव्हिस आणि लेस्टर पॅकर यांच्या गटाने उंदरांना पार दमेपर्यंत पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूत आणि यकृतात फ्री रॅडिकलची खूण दोन-तीन पटीने वाढलेली दिसली. तेव्हापासून गोळी विकणाऱ्यांना कोलीत मिळालं. पण त्याच पळण्याची रोज सवय लावली तर काय होतं? स्नायूतलं डिसम्युटेज आणि पेरॉक्सिडेज वाढतं, मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच पळण्याने तेवढं नुकसान होत नाही. व्यायामात तयार झालेला रॅडिकल हा नुसता चोर नाही, तो निरोप्याही आहे. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रोटीन असतं, कीप-१ नावाचा पहारेकरी त्याला धरून ठेवतो. ऑक्सिडेशन थोडं वाढलं की कीप-१ची पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि संरक्षणाच्या जीन्सचा स्विच ऑन करतं. कंट्रोल सिस्टिमचा पेपर दिलेल्यांना सांगायला नको, हा सरळसरळ फीडबॅक लूप आहे.

आता या लूपमध्ये आपण काय करायला निघालोय? एरर सिग्नलच गोळीने पुसून टाकायला! सिग्नल शून्य, तर कंट्रोलर हलणार कशाला?

ही नुसती थिअरी नाही. जर्मनीत येना इथल्या मिखाएल रिस्टो यांच्या गटाने २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण पुरुषांना चार आठवडे कसून व्यायाम दिला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई, बाकीच्यांना काही असर नसलेली गोळी. जिमवाल्यांचा प्रस्ताव पुन्हा वाचा, डोस अगदी तोच आहे! ज्यांनी व्हिटॅमिन घेतलं नाही त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली, संरक्षक एन्झाइमांचे जीन्स जागे झाले. ज्यांनी घेतलं त्यांच्यात हा फायदा दिसलाच नाही. २०१४ साली नॉर्वेत ११ आठवड्यांचा असाच प्रयोग झाला. तिथे गोळी घेणाऱ्यांचा दम इतरांइतकाच वाढला, पण स्नायूत मायटोकॉन्ड्रिया वाढल्याच्या खुणा मात्र कमी दिसल्या. सगळ्याच प्रयोगांत असा तोटा दिसला असंही नाही, काहींत काहीच फरक पडला नाही. म्हणजे हिशेब काय? झाला तर तोटा, नाहीतर शून्य. यावर मेसचे पैसे घालायचे?

"पण जास्त घेतल्याने बिघडतंय काय?" हा पुढचा प्रश्न. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना काही वर्षं गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! वाचवायला गेलेलं अँटिऑक्सिडंट उलटलं. टपरीवर सुट्टा मारून येणाऱ्या आणि वर "मी अँटिऑक्सिडंट घेतो रे" म्हणणाऱ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं. नावं घेत नाही.

माझा विरोध व्हिटॅमिनला नाही, हे स्पष्ट करतो. ज्याला कमतरता आहे, ज्याला डॉक्टरांनी सांगितलंय, त्याने जरूर घ्यावं. पण आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली पुरुषांसाठी दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सीची शिफारस केलीय. १००० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे बारा पट! त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. मेसचे पैसे अक्षरशः कुठे जाणार ते समजून घ्या. उलट १०० ग्रॅमच्या एका पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त व्हिटॅमिन सी असतं. मूठभर शेंगदाण्यांत व्हिटॅमिन ई येतं, प्रोटीन येतं आणि रात्री अकराची भूकही भागते. गोळीने भूक भागल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मेसच्या काकांचाही आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, "तेलाचे भाव बघा जरा, रोज नवीन तेल कुठून आणू?" बरोबर आहे त्यांचं. आपण दिलेल्या मेस बिलात रोज तळण आणि रोज ताजं तेल दोन्ही बसत नाही. म्हणून माझं म्हणणं, तळण कमी करा आणि तेल ताजं ठेवा. आठवड्यातून पाच दिवस भजी-पापड-वडे तळण्याऐवजी दोनच दिवस, पण स्वच्छ तेलात. उरलेल्या दिवशी भाजलेला पापड, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची ताजी कुटलेली चटणी. बिल तेवढंच राहील. रविवारचा वडा बंद होणार नाही, घाबरू नका. मीही खाणार आहे.

आणि हे माझं खासगी खूळ नाही, कायदा आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायला मनाई आहे. हे मोजायचं कसं? इथे इंजिनीअरिंगच्या पोरांना तोंडाला पाणी सुटायला हवं. तेल खराब होताना त्यात ध्रुवीय रेणू वाढतात, त्यामुळे त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट वाढतो. तळणीचं तेल तपासायची हातातली मीटरं याच तत्त्वावर चालतात. कपॅसिटर, तापमानाची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन, बास! दरवर्षी तेच ते लाइन फॉलोअर आणि ऑटोमॅटिक लाइट करण्यापेक्षा ई अँड टीसी आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या बीईवाल्यांनी हा प्रोजेक्ट घ्यावा. केमिकलवाले कॅलिब्रेशनला मदत करतील. निदान एक प्रोजेक्ट वायवा झाल्यावर भंगारात न जाता मेसमध्ये चालेल. तोवर एक तयार मीटर विकत घ्यावं आणि रीडिंग रोज फळ्यावर लिहावं, मेनूच्या खाली.

शेवटचा मुद्दा मैदानाचा. फौज उभी करायची तर व्यायाम नियमित हवा. वर्षभर खोलीत पडून राहायचं आणि गॅदरिंगच्या आठवड्यात एकदम फुटबॉलच्या चार मॅच खेळायच्या, यात फ्री रॅडिकलचा मारा पुरेपूर मिळतो आणि तयारी शून्य. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास पळा, सायकल मारा, भरभर चाला. पण यात एक अडचण आहे आणि ती गोळीने सुटणारी नाही. मुलांच्या हॉस्टेलचं गेट पहाटे पाचला उघडतं. मुलींच्या हॉस्टेलचं सातला. साडेसातला मैदानावर एफईची पीटी, साडेआठला लेक्चर. संध्याकाळी सातच्या आत मुली पुन्हा आत. मग त्यांनी पळायचं कधी, जिन्यात? एनआरएफ-२ मुलामुलींत भेद करत नाही, आपला टाइमटेबल करतो. मुलींचं गेट सहाला उघडावं आणि मैदानावरचे बंद पडलेले दोन दिवे लावावेत, ही मागणी मी प्रस्तावात जोडलीय. त्याला खर्च जवळजवळ नाहीच. लागते ती फक्त रेक्टर सरांची आणि मॅडमची सही.

जिमवाले माझे दोस्त आहेत. तब्येतीची काळजी करणारी हॉस्टेलमधली बहुतेक तीच मंडळी, हे मी मान्य करतो. त्यांनी घाम गाळायची हिंमत दाखवलीय, तर त्या घामाचं फळ गोळीने धुऊन टाकू नये, एवढंच सांगणं. सभेत मतदान हात वर करून होणार आहे. ज्यांना हे पटलं त्यांनी हात वर करावा, ज्यांना नाही पटलं त्यांनी मुद्दे घेऊन यावं. मात्र यावं सगळ्यांनी, कोरम नसल्याने निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला जाऊ नये. आणि हो, मेसच्या मावशींनाही सभेला बोलवा. कढईपुढे त्या उभ्या राहतात, आपण नाही.